घरातली डीसी वीज: ओळख, हिशेब आणि काळजी

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या माणसाचं डीसी विजेशी नातं जवळजवळ शंभर वर्षांचं आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेवरची रेल्वेगाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. १९३० सालापर्यंत या तारा कल्याण ओलांडून पुणे आणि इगतपुरीपर्यंत गेल्या. रेल्वेला वीज मिळावी म्हणून त्याच काळात ठाकुर्लीला चोळे पॉवर हाऊस उभं राहिलं. पुढे कित्येक पिढ्या ठाणे, डोंबिवली, कल्याणचे चाकरमानी याच विजेवर कामाला गेले आणि घरी परतले. जून २०१५ मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गावरचा उरलेला डीसी टप्पा आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्ग २५,००० व्होल्ट एसीवर गेला.

रुळांवरच्या तारांमधून डीसी गेली, पण याच वर्षांत ती घराघरांत शिरली. मोबाइल, लॅपटॉप, वायफायचा राउटर, एलईडी दिवे, सीसीटीव्ही, इन्व्हर्टरची बॅटरी, पार्किंगमधली ई-स्कूटर, गच्चीवरचे सोलर पॅनेल ही सगळी डीसीवर चालणारी किंवा डीसी तयार करणारी साधनं आहेत. मीटरपर्यंत वीज एसी येते आणि घरात जागोजागी तिची डीसी होते. हे रूपांतर कुठे होतं आणि तिथे काय सांभाळायचं एवढं कळलं, तरी उपकरणं जास्त टिकतात, पैसे वाचतात आणि काही गंभीर अपघात टळतात.

दोन प्रवाहांतला फरक

शालेय पुस्तकात यांची नावं दिष्ट आणि प्रत्यावर्ती विद्युतधारा अशी आहेत. व्यवहारात सगळे डीसी आणि एसी म्हणतात. डीसी प्रवाह एकाच दिशेने वाहतो. म्हणून बॅटरीला धन आणि ऋण अशी ठरलेली टोकं असतात आणि ती उलटी जोडून चालत नाहीत. आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ एसी असते. तिची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते आणि प्रत्येक वेळी प्रवाह क्षणभर शून्यावर येतो. हा शून्याचा क्षण ध्यानात ठेवा. सोलरच्या सुरक्षिततेचा विषय येईल तेव्हा त्याचं महत्त्व कळेल.

मग दूरवर वीज नेण्यासाठी एसीच का? कारण ट्रान्सफॉर्मर फक्त एसीवर चालतो. त्याच्या मदतीने व्होल्टेज वाढवणं आणि पुन्हा उतरवणं सोपं जातं. डीसीमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक्सकडून करून घ्यावं लागतं आणि ते स्वस्त व भरवशाचं व्हायला बराच काळ लागला. आता ते झालं आहे. त्याचं मोठं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. चंद्रपूरची वीज भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला आणणारी सुमारे ७५० किलोमीटरची लाइन डीसीची आहे. तिची क्षमता १५०० मेगावॅट आणि व्होल्टेज उणे-अधिक ५ लाख आहे. इतक्या लांबच्या अंतराला डीसीत वीज कमी वाया जाते. पडघ्याच्या केंद्रात तिची पुन्हा एसी होते.

व्होल्ट, अँपिअर, वॅट

इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच तितका नळाला दाब जास्त; तो दाब म्हणजे व्होल्ट. नळातून दर सेकंदाला किती पाणी वाहतं, ते अँपिअर. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट, अर्थात दर सेकंदाला होणारं काम.

या गुणाकारातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. तेवढंच काम कमी व्होल्टवर करायचं, तर अँपिअर वाढतात. आणि तारेत तयार होणारी उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. समजा, एका लोकलला वेग घेताना ३००० किलोवॅट लागतात. १५०० व्होल्टवर ती तारेतून २००० अँपिअर ओढेल, २५,००० व्होल्टवर फक्त १२०. तार तीच असेल, तर वाया जाणारी वीज पावणेतीनशे पटींनी कमी होते. म्हणूनच डीसीच्या काळात तारा जाड लागत आणि सबस्टेशनं थोड्या थोड्या अंतरावर ठेवावी लागत. आजची लोकलसुद्धा तारेतून एसी घेते, डब्यात तिची डीसी करते आणि त्या डीसीपासून मोटारींना हवी तशी एसी पुन्हा बनवते.

हाच हिशेब घरातल्या इन्व्हर्टरला लागू पडतो. ६०० वॅटचा मिक्सर सॉकेटमधून अडीच-पावणेतीन अँपिअर घेतो. तोच इन्व्हर्टरवर चालवला, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून, होणारी घट धरून, ६० अँपिअरच्या आसपास प्रवाह निघतो. बॅटरीची क्लॅम्प ढिली असेल आणि त्या सांध्याचा रोध ०.०१ ओहम इतका नगण्य असेल, तरी तिथे ३६ वॅट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी. तेवढ्याच रोधाचा सांधा २३० व्होल्टच्या बाजूला असता, तर वॅटचा दहावा भागही निर्माण झाला नसता. १२ व्होल्टला शॉक लागत नाही म्हणून अनेक जण तो निर्धोक मानतात. शॉक लागत नाही हे खरं, पण आग लागू शकते. बॅटरीच्या तारा कंपनीने दिल्या तेवढ्याच जाड ठेवा, त्यांना जोड देऊन लांबी वाढवू नका आणि क्लॅम्प कायम घट्ट ठेवा.

अडॅप्टर बदलताना

राउटरचा अडॅप्टर बिघडला की ड्रॉवरमधला दुसरा कुठला तरी लावून पाहिला जातो आणि राउटरही जातो. त्याआधी अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. ‘इनपुट’समोर १०० ते २४० व्होल्ट आणि एक नागमोडी रेघ असते, ती एसीची खूण. ‘आउटपुट’समोर व्होल्ट, अँपिअर आणि एक सरळ रेघ व तिच्याखाली तुटक रेघ असते, ती डीसीची खूण. आता तीन गोष्टी जुळवा.

१. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. १२ व्होल्टच्या राउटरला १९ व्होल्टचा लॅपटॉपचा अडॅप्टर लावला, तर राउटर जळू शकतो.

२. अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. १ अँपिअर मागणाऱ्या उपकरणाला २ अँपिअरचा अडॅप्टर चालतो, कारण उपकरण गरजेपुरताच प्रवाह घेतं. उलट केलं, तर अडॅप्टर तापतो आणि उपकरण मधूनच बंद पडतं.

३. ध्रुव जुळले पाहिजेत. गोल पिनच्या अडॅप्टरवर एक छोटी आकृती असते. पिनचा आतला भाग धन की ऋण, ते ती दाखवते. उपकरणावरही तशीच आकृती असते. दोन्ही सारख्या हव्यात.

टाइप-सी चार्जरची गोष्ट वेगळी. तो आणि उपकरण आपापसात बोलून व्होल्टेज ठरवतात. ठरेपर्यंत चार्जर फक्त ५ व्होल्ट देतो. म्हणून चांगल्या कंपनीचा ६५ वॅटचा एकच चार्जर फोनला आणि लॅपटॉपलाही चालतो. इथे पैसे वाचवायचे तर चार्जरची संख्या कमी करून वाचवा, दर्जा कमी करून नको. स्वस्त बनावट चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि तुमच्या हातातला फोन यांच्यामधलं संरक्षण अपुरं असू शकतं.

इन्व्हर्टर किती वेळ चालेल

दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद राहणार असल्याचा निरोप आला, की हा प्रश्न घरोघरी निघतो. उत्तर कागदावर काढता येतं.

बॅटरीवर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास लिहिलं असेल, तर गुणाकार १८०० वॅट-तास होतो. हा आकडा प्रवाह सावकाश, दहा किंवा वीस तासांत, काढला तर मिळतो. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि डीसीची एसी करताना इन्व्हर्टरमध्येही काही वीज जाते. म्हणून चांगल्या स्थितीतल्या बॅटरीचे हाताशी १००० ते ११०० वॅट-तास धरा.

आता भार मोजा. ९ वॅटचे चार एलईडी दिवे म्हणजे ३६, ७५ वॅटचे दोन साधे पंखे म्हणजे १५० आणि राउटर १२. एकूण सुमारे २०० वॅट. बॅटरी पाच तास पुरेल. पंखे बीएलडीसी प्रकारचे, प्रत्येकी ३० वॅटचे असतील, तर भार १०८ वॅटवर येतो आणि तीच बॅटरी नऊ-दहा तास चालते. मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलण्याचा हिशेब करून पाहा. विजेचं बिल रोज कमी होतं ते वेगळंच. बीएलडीसी पंखा आलेली एसी आत डीसी करून घेतो आणि त्याची गती इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळतं. म्हणून भिंतीवरचा जुना रेग्युलेटर इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या. तो मधे राहिला, तर पंख्याचं सर्किट बिघडू शकतं.

मिक्सर, इस्त्री, गीझर, फ्रिज इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवू नका. तसं केलं तर बॅटरीचा वेळ आणि आयुष्य दोन्ही घटतं.

बॅटरीची निगा

पाणी घालायच्या प्रकारातली शिशाची बॅटरी असेल, तर दर दोन महिन्यांनी पातळी बघा. फक्त डिस्टिल्ड पाणी घाला. नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यातले क्षार बॅटरीच्या प्लेटा खराब करतात. पातळी खुणेच्या वर नेऊ नका आणि ॲसिड कधीच घालू नका.

चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीनेही पेट घेतो. म्हणून बॅटरी बंद कपाटात, देवघराखाली किंवा गॅस सिलिंडरशेजारी ठेवू नका. वर हवा खेळती हवी.

टोकांवर पांढरा-हिरवा थर साचला असेल, तर आधी इन्व्हर्टर बंद करा आणि भिंतीतला प्लग काढा. हातातली अंगठी, कडं, धातूच्या बांगड्या उतरवा. आधी ऋण आणि मग धन तार काढा. झाकणं घट्ट असल्याची खात्री करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टोकं पुसा, कोरडी करा, तारा घट्ट बसवा आणि वर पेट्रोलियम जेली लावा. जोडताना आधी धन, शेवटी ऋण. पाना दोन्ही टोकांना एकाच वेळी टेकला, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि पाना लालबुंद होतो. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून घ्या.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाणार असाल, तर बॅटरी आधी पूर्ण चार्ज करा. शिशाची बॅटरी रिकाम्या अवस्थेत पडून राहिली, की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या आणि बदल्यात किंमत कमी करून घ्या. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे. उघड्यावर फोडलेल्या बॅटरीतलं शिसं माती आणि पाण्यात जातं आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांना होतो.

पाणी घरात शिरलं तर

उल्हास नदी आणि खाडीच्या काठच्या वस्त्यांना २६ जुलै २००५ आणि जुलै २०१९ चे पूर आठवतात. तळमजल्यावर राहत असाल, तर पूर्वी पाणी जिथवर चढलं होतं त्या रेषेच्या वर, भक्कम स्टँडवर इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवा.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: मेन स्विच बंद केला म्हणजे घरातली सगळी वीज बंद होत नाही. मेन बंद होताच इन्व्हर्टरला वीज गेली असं वाटतं आणि तो बॅटरीवर चालू होऊन आपल्या लाइनमध्ये २३० व्होल्ट सोडतो. म्हणून पाणी चढायच्या आत, कोरड्या जागी उभं राहून, मेनसोबत इन्व्हर्टरही बंद करा. पाणी सॉकेटपर्यंत पोहोचलेलं असेल, तर त्यात पाय घालू नका. बाहेर पडा आणि वीज कंपनीला कळवा.

गच्चीवरचं सोलर

सोलर पॅनेल डीसी तयार करतं आणि इन्व्हर्टर तिची एसी करतो. एक किलोवॅटला सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट मिळतात. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरवलेलं आहे. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये आहे. अर्ज करण्याआधी चालू दर राष्ट्रीय पोर्टलवर तपासा.

कंत्राटदार कधी कधी सांगायचं टाळतात अशी एक गोष्ट आधीच जाणून घ्या. नेट मीटरिंगचं, म्हणजे जादा वीज कंपनीच्या लाइनमध्ये सोडणारं, साधं सोलर वीज गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. तुमची वीज मृत लाइनमध्ये गेली, तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो, म्हणून ते बंद पडणं सक्तीचं आहे. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील, तर बॅटरीसह हायब्रिड पद्धत घ्यावी लागते आणि तिचा खर्च वाढतो.

ठाण्यात शेजारी उंच टॉवर उभे राहत आहेत, तिथे सावलीचा विचार आधी करा. पॅनेल एकामागोमाग एक साखळीत जोडलेली असतात आणि साखळीत सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. एका पॅनेलवरची सावली साऱ्या साखळीचं उत्पादन घटवू शकते. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीची छायाचित्रं काढा आणि ती कंत्राटदाराला दाखवा.

आता त्या शून्याच्या क्षणाकडे येऊ. स्विच उघडताना दोन टोकांमध्ये ठिणगी पडते. एसीत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्यामुळे ती विझते. डीसीत हा क्षण येत नाही, म्हणून ठिणगीची ज्योत होऊन जळत राहू शकते. पॅनेलच्या साखळीत ४०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त असू शकतात आणि ते जीवघेणे आहेत. म्हणून डीसीच्या बाजूला डीसीसाठीच बनवलेले एमसीबी आणि फ्यूज लागतात. एसीचा एमसीबी तिथे चालत नाही. बिलावर आणि बॉक्सवर ही नोंद बघून घ्या. चालू असताना पॅनेलचे कनेक्टर कधीही ओढू नका. ऊन आहे तोवर, सगळे स्विच बंद केले तरी, पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची तार जिवंतच असते. पॅनेल धुवायची तर पहाटे किंवा संध्याकाळी, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने.

ई-स्कूटर आणि लिथियम

अनेक लिथियम बॅटऱ्यांमधला एक सेल पूर्ण चार्ज झाला, की साधारण ४.२ व्होल्टवर असतो. त्याच्या पलीकडे गेला तर धोका, म्हणून चार्जर आणि बॅटरीतलं नियंत्रक सर्किट एकमेकांना जुळणारं हवं. स्कूटरसोबत आलेलाच चार्जर वापरा. लांब फिरून आल्यावर बॅटरी गार होऊ द्या, मग चार्जिंगला लावा. अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर थेट लावा. एक्स्टेन्शन बोर्ड नको. काढता येणारी बॅटरी बिछान्यावर, जिन्यात किंवा घराच्या एकुलत्या दाराजवळ चार्ज करू नका. ती पेटली तर बाहेर पडायचा रस्ताच बंद होतो.

बॅटरी फुगली, गोड-उग्र वास आला किंवा ती विनाकारण तापली, तर वापर तिथेच थांबवा. धूर निघाला, तर विझवायच्या मागे न लागता सगळ्यांनी बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा.

सोसायटीने काय बघावं

वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी यंत्रणा बॅटरीवर, म्हणजे डीसीवर चालते. आगीची सूचना देणारं पॅनेल आणि जिन्यातले आपत्कालीन दिवेही तसेच. या बॅटऱ्या कोणाला दिसत नाहीत, म्हणून मरून पडल्या तरी कळत नाही. महिन्यातून एकदा, लिफ्ट रिकामी ठेवून आणि तंत्रज्ञाला सोबत घेऊन, वीजपुरवठा तोडून चाचणी घ्या. बॅटरी बसवल्याची तारीख तिच्यावरच मार्करने लिहा. वार्षिक देखभालीच्या करारात बॅटरी बदलणं धरलं आहे का, हे सभेत विचारा. पार्किंगमधल्या चार्जिंगसाठी प्रत्येकाने आपापली तार ओढण्यापेक्षा, एकूण भार मोजून मीटरसह एकत्र सोय करून घेणं सुरक्षित आणि न्याय्य ठरतं.

स्वतः काय करावं, कोणाला बोलवावं

काही शे रुपयांना मिळणारा डिजिटल मल्टिमीटर घरात असू द्या. त्याची चकती डीसी व्होल्टच्या २० या खुणेवर ठेवली, की राउटरचा अडॅप्टर १२ व्होल्ट देतो की नाही, ते लगेच कळतं. इन्व्हर्टर बंद करून, प्लग काढून आणि बॅटरी काही तास तशीच ठेवून मोजलं, तर चांगली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२ किंवा खाली असेल, तर ती जवळपास रिकामी आहे. रात्रभर चार्ज करूनही आकडा वर येत नसेल, तर बदलायची वेळ आली आहे. या मीटरने सॉकेट किंवा सोलरच्या तारा मोजू नका.

अडॅप्टर जुळवणं, डिस्टिल्ड पाणी घालणं, टोकं साफ करणं, भाराचा हिशेब मांडणं ही कामं सावधगिरीने घरी करता येतात. वितरण बोर्ड, अर्थिंग, इन्व्हर्टरची वायरिंग, गच्चीवरची डीसी लाइन आणि ई-वाहनाचा पॉइंट ही परवानाधारक इलेक्ट्रिशियनची कामं आहेत. त्याला बोलावल्यावर दोन प्रश्न जरूर विचारा: इथे डीसीला योग्य एमसीबी लावला आहे का, आणि वीज गेल्यावर या घरातली कुठली तार जिवंत राहते? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून मीटरच्या पेटीजवळ चिकटवा. एखाद्या पावसाळी रात्री घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी त्याची गरज पडेल.